भाडेकरारात नाव नाही आणि घर खाली करण्याचा हुकूम आला: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी या पट्ट्यातून हे प्रश्न सतत येतात. विचारणारी व्यक्ती बहुतेकदा भाडेकरूची बायको, भाऊ किंवा सून असते, नाहीतर पोटभाडेकरू किंवा मागावर काम करणारा गडी. हुकमात यांचं नाव नसतं, पण सामान यांचंच रस्त्यावर येतं. प्रश्न लोकांनी विचारले तसेच ठेवलेत, फक्त नावं आणि गल्ल्या काढल्यात. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसरीकडे लागली तर तिथं प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. करार नवऱ्याच्या नावावर आहे, माझं नाव कुठंच नाही. मग कोर्टाचा हुकूम मला लागू होतो का?

बहुतेक वेळा होतो. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २१, नियम ३५ मध्ये असं आहे की ताबा देताना "हुकूमनाम्यानं बांधलेल्या" प्रत्येकाला बाहेर काढता येतं. हुकमात नाव असणं आणि हुकमानं बांधलं जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कोर्ट एकच पाहतं: तुम्ही या घरात कुणाच्या हक्कानं राहता? भाडेकरूच्या नात्यानं, त्याच्या परवानगीनं किंवा त्याच्या चाकरीत राहत असाल तर त्याचा हक्क संपला की तुमचाही संपतो. मालकानं थेट तुम्हाला जागा दिली असेल, किंवा जागेत तुमचाच मालकीहक्क असेल, तर तुम्हाला स्वतंत्र उभं राहता येतं. पुढचे सगळे प्रश्न या एका प्रश्नाभोवतीच फिरतात. म्हणून वकिलाकडे जाण्याआधी त्याचं उत्तर एका वाक्यात लिहून न्या.

२. रेशनकार्ड, आधार, हेस्कॉमचं वीजबिल सगळं याच पत्त्यावर आहे. हा पुरावा पुरणार नाही का?

या कागदांवरून तुम्ही तिथं राहता हे सिद्ध होतं. कोणत्या हक्कानं राहता, हे त्यांवरून ठरत नाही. तरी ते फेकू नका. प्रश्न ५ मधल्या वारसांना "वडिलांबरोबर राहत होतो" हे दाखवावं लागतं आणि तिथं हेच कागद उपयोगी पडतात. मालकानं तुमच्या नावानं दिलेली एखादी भाडेपावती किंवा तुमच्या खात्यातून थेट मालकाला गेलेलं भाडं याचं वजन मात्र याहून बरंच जास्त.

३. कोल्हापूरचे पाहुणे म्हणतात, भाडेकरूबरोबर राहणारा आपोआप भाडेकरू होतो. आमच्याकडेही तसंच ना?

नाही. आपल्या भागात सगळ्यात जास्त नुकसान या एका समजुतीनं होतं. पाहुणे सांगतात तो महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९. भाडेकरू वारला तेव्हा त्याच्याबरोबर राहणारा कुटुंबातला माणूस त्या कायद्यात भाडेकरू ठरतो आणि त्याला वर्षांची मर्यादा नाही. पण जागा जिथं, कायदा तिथला. बेळगाव १ नोव्हेंबर १९५६ ला मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात आलं. आज इथं लागतो तो कर्नाटक भाडे कायदा, १९९९. तो ३१ डिसेंबर २००१ पासून अमलात आला आणि त्यात वारसांच्या हक्काला मुदत आहे (प्रश्न ५).

कागदपत्रांचंही तसंच. चंदगड किंवा कागलहून महाराष्ट्राचा स्टॅम्प आणून निपाणीतल्या खोलीचा "लिव्ह अँड लायसन्स" लिहून ठेवलेला पुष्कळदा दिसतो. इथल्या जागेच्या कागदावर कर्नाटकाचं मुद्रांक शुल्क भरावं लागतं. ते भरलेलं नसेल तर दंड भरेपर्यंत कोर्ट तो कागद पुराव्यात घेत नाही.

४. आमच्या घराला भाडे कायदा लागतो की नाही, हे कसं ओळखायचं?

आधी भाडं पाहा. ठरलेलं भाडं भागानुसार महिना ३,५०० किंवा २,००० रुपयांच्या वर असेल तर कर्नाटक भाडे कायदा त्या जागेला लागत नाही. व्यापारी जागा १४ चौरस मीटरपेक्षा मोठी असली तरी लागत नाही. शिवाय हा कायदा त्याच्या अनुसूचीत आलेल्या भागांपुरताच आहे. आज टिळकवाडीत किंवा कॅम्पात नवीन घेतलेली बहुतेक घरं या मर्यादेबाहेर गेली आहेत. गल्लीतल्या जुन्या वाड्यांमधल्या शंभर-दोनशे रुपये भाड्याच्या खोल्या मात्र अजून कायद्याच्या आत आहेत.

कायदा लागत नसेल तर १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा लागतो. त्यात महिन्याच्या भाडेकरूला पंधरा दिवसांची नोटीस दिली की भाडेपट्टा संपवता येतो आणि मालकाला कारण दाखवावं लागत नाही. त्यामुळे खटल्यात लढायला जागाही कमीच उरते.

५. वडील वारले. करार आणि पावत्या त्यांच्या नावावर. आम्ही तिथंच जन्मलो. आता मालक खाली करा म्हणतोय.

घर भाडे कायद्यात बसत असेल तर कलम ५ वाचा. भाडेकरूच्या मृत्यूनंतर भाडेहक्क मृत्यूच्या तारखेपासून पाच वर्षांसाठी वारसांकडे जातो. क्रम असा: आधी पती किंवा पत्नी, मग मुलगे-मुली, मग आईवडील, मग आधीच वारलेल्या मुलाची विधवा. त्याला अटी आहेत. वारस भाडेकरूच्या मृत्यूपर्यंत त्याच्याबरोबर तिथंच राहत असला पाहिजे, किंवा तिथं धंदा करत असला पाहिजे, आणि तो त्याच्यावर अवलंबून असला पाहिजे. वारसाचं, त्याच्या जोडीदाराचं किंवा अवलंबून असलेल्या मुलांचं त्याच भागात दुसरं घर असेल तर हा हक्क मिळत नाही.

बरोबर राहत होता पण स्वतः कमावता होता, किंवा त्याच भागात त्याचं घर आहे, अशा वारसाला फक्त एक वर्ष मिळतं. उद्यमबागेतल्या फौंड्रीत पगारावर असणारा थोरला मुलगा इथंच अडकतो. "आम्ही चाळीस वर्षं राहतोय" या एका वाक्यावर तो विसंबून राहतो आणि तेवढ्यात वर्ष सरून जातं.

हक्क मृत्यूच्या तारखेपासून मोजला जातो, नोटिशीच्या तारखेपासून मोजत नाहीत. म्हणून वडिलांचा मृत्यू दाखला हातात आला की कॅलेंडरवर दोन तारखा लिहून ठेवा, एक वर्षाची आणि पाच वर्षांची. मधल्या काळात नव्या नावानं करार करून देण्याबद्दल मालकाशी बोला. तेव्हा त्यालाही खटल्याचा खर्च टाळायचा असतो.

६. आम्ही तीन भाऊ. मालकानं दावा फक्त थोरल्यावर लावला. आम्हाला समन्सच नाही, तरी हुकूम लागू?

वारसांना भाडेहक्क एकत्र मिळतो, वाटून मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयानं १९८९ मध्ये एच. सी. पांडे विरुद्ध जी. सी. पॉल या खटल्यात हे स्पष्ट केलं: मूळ भाडेकरूचे वारस संयुक्त भाडेकरू असतात आणि एकाला दिलेली नोटीस सगळ्यांना पुरते. एका संयुक्त भाडेकरूवरचा हुकूम बाकीच्यांना बांधतो, हेही २००१ मध्ये त्याच न्यायालयानं सांगितलं आहे. थोरल्यानं मालकाशी संगनमत करून खटला हरवला असेल तर गोष्ट वेगळी, पण ते तुम्हाला सिद्ध करावं लागतं. दावा चालू असल्याचं कळल्याबरोबर, दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश १, नियम १० खाली "आम्हालाही पक्षकार करा" असा अर्ज द्या. हुकूम झाल्यावर दिलेल्या अर्जापेक्षा याला किती तरी जास्त वजन असतं.

७. नवरा मला टाकून गेला. भाडं त्याच्या नावावर आहे आणि तो कोर्टात जातच नाही. मी आणि मुलं रस्त्यावर येणार का?

हा प्रश्न आला की मी आधी एकच विचारतो: घटस्फोट झालाय का? कारण सगळं त्यावर आहे.

बंगळूरच्या एका घराबाबत बी. पी. अचला आनंद विरुद्ध एस. अप्पी रेड्डी हा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. निकाल २००५ चा. तिथं न्यायालयानं असं धरलं की भाड्याच्या घरात नवऱ्याबरोबर राहिलेली आणि नंतर टाकून दिलेली बायको खाली करण्याच्या दाव्याला स्वतः विरोध करू शकते. त्यासाठी दोन गोष्टी दाखवाव्या लागतात. एक, भाडेकरू नवऱ्यानं लढाई सोडली आहे आणि त्यामुळे तिचं नुकसान होतंय. दुसरी, नवऱ्याला जे बचाव घेता आले असते तेवढेच ती घेणार, त्याहून जास्त नाही. नवऱ्यानं वर्षभराचं भाडं थकवलं असेल तर "माझा काय दोष?" हा बचाव तिला मिळत नाही. थकबाकी भरण्याची तयारी मात्र तिला दाखवता येते आणि ती दाखवलीच पाहिजे.

याच खटल्यात पुढं त्या बाईंचा घटस्फोट झाला होता, म्हणून त्यांना घरात राहण्याचा हक्क मिळाला नाही. घटस्फोटानं बायकोचं नातं संपतं आणि त्याबरोबर भाड्याच्या घरावरचा आधारही जातो. म्हणून संमतीनं घटस्फोटाच्या कागदावर सही करण्याआधी राहण्याची सोय कोण करणार, भाडं कोण भरणार, हे त्याच कागदात लिहून घ्या. "नंतर बघू" म्हणून सही केलेल्या बायका पुढं माझ्यासमोर बसतात तेव्हा करण्यासारखं फार थोडं उरलेलं असतं.

८. कौटुंबिक हिंसाचार कायद्यात राहण्याचा हक्क आहे म्हणे. तो दाखवला तर मालकाचा हुकूम थांबेल?

एकटा त्यावर थांबत नाही. २००५ च्या कायद्यात "सामायिक घर" या व्याख्येत भाड्याचं घरही येतं, आणि कलम १७ व १९ खाली राहण्याचा आदेश मिळतो. पण तो आदेश नवऱ्यावर आणि सासरच्यांवर असतो. घराचा मालक परका असेल तर त्याच्याशी तुमचं कौटुंबिक नातं नसतं, आणि भाडं थकल्याबद्दलचा त्याचा हक्क तसाच उभा राहतो. कलम १९ मध्ये त्याहून उपयोगाची तरतूद आहे: तशाच दर्जाचं दुसरं घर देण्याचा किंवा त्याचं भाडं भरण्याचा आदेश नवऱ्याला देता येतो. मालकाशी लढून हरण्यापेक्षा हा अर्ज लवकर द्या.

९. सासूबाईंनी प्रांत ऑफिसातून ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली हुकूम आणलाय. घर त्यांचंच आहे. माझं नाव हुकमात आहे, पण नवऱ्याचं नाही!

असे हुकूम पुष्कळदा सुनेला बाहेर काढण्यासाठी वापरले जातात. एस. वनिता विरुद्ध उपायुक्त, बंगळूर शहर जिल्हा या डिसेंबर २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की २००७ चा ज्येष्ठ नागरिक कायदा आणि महिलेचा सामायिक घरातला हक्क हे एकत्र वाचायचे, एकानं दुसरा पुसायचा नाही. त्या सुनेविरुद्धचा खाली करण्याचा हुकूम तिथं रद्द झाला. हुकमाची प्रत आणि लग्नानंतर त्या घरात राहिल्याचे कागद घेऊन लगेच वकिलाकडे जा. त्याच दिवसांत प्रश्न ८ मधला अर्जही द्या. सासूबाईंना खरोखर त्रास झाला असेल तर न्यायाधीश तेही पाहतात, म्हणून अर्जात खरं तेच लिहा.

१०. वडगावात माग लावलेत. जागा ज्यानं भाड्यानं घेतली त्याच्याकडून आम्ही पोटभाड्यानं घेतली. आता मूळ भाडेकरूवर हुकूम झालाय.

मालकाची लेखी संमती होती का? नसेल तर तुम्ही हुकमानं बांधलेले आहात. पोटभाडेकरूला पक्षकार करणं मालकावर बंधनकारक नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं १९६४ मध्येच, रूपचंद गुप्ता विरुद्ध रघुवंशी या खटल्यात सांगितलं आहे. उलट लेखी संमतीशिवाय पोटभाड्यानं देणं हेच कर्नाटक भाडे कायद्याच्या कलम २७ खाली खाली करण्याचं एक कारण आहे.

संमतीचं पत्र असेल तर ते सोन्यासारखं जपा आणि प्रश्न १३ चा मार्ग धरा.

मागांची यंत्रं तुमची असतील तर ती तुमचीच. हुकूम जागेचा असतो. पण ती सिद्ध करणारी बिलं आणि कर्जाचे कागद आधी एका फाइलीत लावा. ताब्याच्या दिवशी चार माग उतरवायला, तारा सोडवायला, टेम्पो मिळवायला अख्खा दिवस जातो आणि त्या घाईत कागद शोधणं कुणालाच जमत नाही.

११. आम्ही कॉलेजची मुलं पीजीत राहतो. बाई स्वतःच भाडेकरू निघाल्या.

तुम्ही त्यांच्या परवानगीनं राहता, त्यामुळे हुकूम तुम्हालाही लागू. डिपॉझिट बाईंकडून मागायचं, मालकाकडून नाही. परीक्षा तोंडावर असेल तर हॉलतिकिटाची प्रत घेऊन मालकाच्या वकिलाला भेटा. महिनाभर थांबायला पुष्कळ मालक तयार होतात, पण ते लेखी घ्या.

१२. समन्स कन्नडात होतं. सासऱ्यांचं म्हणून मी सही करून घेतलं आणि कपाटात ठेवलं. आता एकतर्फी हुकूम झालाय.

भाडेकरू घरी नसताना, तो लवकर परत येण्याची शक्यता नसेल तर, बरोबर राहणाऱ्या कुटुंबातल्या सज्ञान माणसानं घेतलेलं समन्स भाडेकरूला मिळालं असं कायदा धरतो. तो माणूस पुरुष असो वा बाई. घरगड्याची सही मात्र चालत नाही. घेतलं नाही, परत पाठवलं, तरी सुटका नाही: नकार दिला तर बजावणी झाली असं धरता येतं आणि दारावर चिकटवूनही समन्स लावता येतं.

भाषा कळली नाही हा बचाव चालत नाही, कारण इथल्या कोर्टाची भाषा कन्नड आहे. मराठी माणसाला ही गोष्ट मनाला लागते, हे मला माहीत आहे. तो वाद आपल्या जागी, पण हातात आलेला कागद त्याच संध्याकाळी कन्नड येणाऱ्या कुणाकडून तरी वाचून घ्या. तारीख, कोर्टाचा क्रमांक आणि खटला क्रमांक एवढं जरी कळलं तरी पुरे. एकतर्फी हुकूम रद्द करून घ्यायला हुकमाच्या तारखेपासून तीस दिवस असतात. समन्स खरंच मिळालं नसेल तर हुकूम कळल्यापासून तीस दिवस.

१३. बेलीफ दारात आला. माझं नाव कागदावर नाही. मी दार अडवू का?

अंगानं अडवू नका. तोंडानं आणि कागदानं हरकत घ्या.

शहापुरातली एक सकाळ माझ्या डोळ्यांसमोर आहे. गॅसवर कुकरची दुसरी शिट्टी झाली होती, देव्हाऱ्यातला दिवा लावलेला होता आणि बेलीफ दोन पंचांना घेऊन उंबऱ्यावर उभा. घरातली बाई मोठ्यानं रडत होती, मुलगा पोलिसांशी हुज्जत घालत होता. त्या घरात हरकतीला खरं कारण होतं. मालकानं आधीच्या वर्षी त्या मुलाकडून थेट भाडं घेतलं होतं, बँकेच्या नोंदीसह. पण ते कुणी बोललंच नाही आणि बेलीफाच्या अहवालात "विरोध केला, कारण सांगितलं नाही" एवढंच आलं.

म्हणून तुमचा स्वतंत्र हक्क असेल तर तो बेलीफाला शांतपणे सांगा आणि अहवालात लिहायला लावा. ताबा घेणाऱ्यानं प्रश्न १ मधल्या आदेश २१ च्याच नियम ९७ खाली अर्ज दिला की कोर्टाला तुमचं म्हणणं ऐकावं लागतं. ताबा जाण्याआधी तुम्ही स्वतःही अर्ज देऊ शकता, असं सर्वोच्च न्यायालयानं ब्रह्मदेव चौधरी यांच्या १९९७ च्या खटल्यात सांगितलं आहे. ताबा गेलाच असेल तर नियम ९९ खाली तीस दिवसांत अर्ज द्यायचा. दरखास्त (हुकमाच्या अंमलबजावणीचा अर्ज) चालवणारं कोर्टच सगळे मुद्दे ठरवतं, वेगळा दावा चालत नाही, आणि त्या निकालावर हुकूमनाम्यासारखं अपील करता येतं.

स्वतंत्र हक्क नसेल तर यातलं काही करू नका. भाडेकरूच्या सांगण्यावरून विनाकारण अडवणाऱ्याला तीस दिवसांपर्यंत दिवाणी तुरुंगात ठेवता येतं. बेलीफाला कुलूप तोडता येतं. घरात परपुरुषासमोर न येणाऱ्या बायका असतील तर आधी सूचना देऊन त्यांना बाजूला होण्याची सोय द्यावी लागते.

१४. भाडेकरूनं कोर्टात सहा महिन्यांची मुदत मागून हमीपत्र दिलं. त्यानंतर आम्हाला खोली दिली.

तुमची बाजू फार कमकुवत आहे. खटला चालू असताना किंवा नंतर आलेल्याला आदेश २१ च्या नियम १०२ मुळे हरकतीचा मार्ग बंद असतो. हमीपत्रात सहसा "दुसऱ्या कुणाला आत घेणार नाही" असं लिहिलेलं असतं, त्यामुळे भाडेकरूवर न्यायालयाच्या अवमानाचीही वेळ येऊ शकते. दिलेलं डिपॉझिट त्याच्याकडून परत मागा.

१५. हुकूम झाला आणि भाडेकरू वारला. मालकाला पुन्हा दावा करावा लागेल ना?

नाही. हुकूमनामा वारसांवर बजावता येतो, आणि दरखास्त दाखल करायला मालकाकडे बारा वर्षं असतात. खटला चालू असतानाच भाडेकरू वारला तर मात्र मालकाला नव्वद दिवसांत वारसांना रेकॉर्डवर आणावं लागतं. ही तारीख तुमच्या वकिलाला नक्की तपासायला सांगा. कलम ५ चा हक्क हुकूम झालेल्या भाडेकरूच्या वारसांना धरता येत नाही.

१६. आमचं घर कॅन्टोन्मेंटच्या हद्दीतल्या सरकारी जागेत आहे. तिथंही हेच नियम?

तिथली गाडी वेगळी चालते. केंद्र सरकारच्या जागांना १९७१ चा सार्वजनिक जागा कायदा लागतो, राज्याच्या जागांना कर्नाटकाचा १९७४ चा. केंद्राच्या कायद्यात हुकूमच "तिथं राहणाऱ्या सर्वांनी" खाली करावं असा निघतो, त्यामुळे नाव नसल्याचा मुद्दाच उरत नाही. जिल्हा न्यायाधीशांकडे अपिलाला फक्त बारा दिवस. रविवार धरून मोजा.

१७. मालकानं कर्ज बुडवलं, आता बँकेचे लोक ताबा घ्यायला आलेत.

हा हुकूम मालकावरचा, म्हणून भाडेकरूही इथं "नाव नसलेला" ठरतो. बँकेकडे गहाण ठेवण्याआधीपासूनचा तुमचा भाडेपट्टा असेल, तर २००२ च्या सरफेसी कायद्याखाली कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे हक्क मांडता येतो. बँकेची मागणीची नोटीस आल्यावर तिच्या लेखी संमतीशिवाय मालकानं दिलेला भाडेपट्टा टिकत नाही. आगाऊ मोठी रक्कम देऊन लीजवर घर घेणाऱ्यांनी हे आधीच तपासावं.

१८. हुकूम वगैरे काहीच नाही. गावाला गेलो होतो, मालकानं कुलूप बदललं.

भाडेकरू असा वा त्याचे नातेवाईक, कायद्याच्या मार्गाशिवाय ताबा घेता येत नाही. विशिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम ६ खाली सहा महिन्यांत दावा करा. त्यात मालकी कुणाची हा प्रश्नच येत नाही, फक्त ताबा कुणाचा होता हे पाहतात. त्याच दिवशी कुलपाचे फोटो काढा आणि पोलिसांत लेखी तक्रार देऊन पोच घ्या.

१९. वकिलाला द्यायला पैसे नाहीत.

महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमाती यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. बाकीच्यांना उत्पन्नाच्या मर्यादेत मिळतो. बेळगावच्या न्यायालय संकुलात जिल्हा कायदा सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे, तालुक्याला समिती असते, आणि १५१०० या क्रमांकावर फोन करता येतो. जाताना हुकमाची प्रत, भाडेपावत्या, मृत्यू दाखला असेल तर तो, आणि प्रश्न १ मधलं ते एक वाक्य लिहिलेला कागद न्या. अपील केलं म्हणून हुकूम आपोआप थांबत नाही, स्थगिती वेगळी मागावी लागते, हे त्यांना पहिल्याच भेटीत सांगून ठेवा. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं तर आपल्या जिल्ह्यासाठी धारवाडचं खंडपीठ आहे.